हिल रोडवरची शाळा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप घेऊन आपले सेक्रेटरी दोनदा घरी येऊन गेले. पहिल्यांदा मी टाळले. दुसऱ्यांदा त्यांच्याबरोबर बी विंगमधल्या वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "काका, सोसायटीचा इतिहास अहवालात येणारच आहे. तुम्ही तुमच्या शाळेबद्दल लिहा ना. आमच्याकडचे दोघेही तिथलेच." मग मी मोजायला बसलो. बांद्रा पूर्वेच्या आपल्या या लहानशा सोसायटीत दोन पिढ्या मिळून दहा-अकरा जण हिल रोडच्या सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूलमध्ये शिकलेले निघाले. त्यातले बहुतेक हिंदू घरातले, बापजादे सरकारी नोकर. आणि यातल्या एकालाही, म्हणजे मलासुद्धा, शाळेत असताना ठाऊक नव्हते की ही शाळा मुळात कोणासाठी काढली होती.

ती अनाथाश्रम म्हणून निघाली. साल १८६३. आणि नुसता अनाथाश्रम नव्हे, 'नेटिव्ह बॉइज ऑर्फनेज', म्हणजे देशी मुलांचा. तो 'नेटिव्ह' शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा जरा टोचला, खोटं कशाला सांगू. पण त्या काळात अनाथांमध्येसुद्धा जात होती. गोऱ्या शिपायाचा किंवा खलाशाचा पोर वेगळा, युरेशियन वेगळा आणि इथला काळा पोर वेगळा. माझगावची सेंट मेरीज पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये सुरू झाली, तिथे मुख्यतः युरोपीय आणि युरेशियन मुले. देशी मुलांची व्यवस्था बांद्र्याला. बांद्रा तेव्हा मुंबईत नव्हतेच. ते ठाणे जिल्ह्यातले, साष्टी बेटावरचे गाव. भातशेती, माडाच्या वाड्या, कोळीवाडा, चर्च आणि त्याच्याभोवती कौलारू घरे. मुंबईशी जोडणारा माहीमचा कॉजवे १८४० च्या दशकात झाला होता, त्याचा दीड लाखाच्या वरचा खर्च लेडी अवाबाई जीजीभॉय यांनी उचलला होता. रेल्वे अजून आलेली नव्हती. बी. बी. सी. आय. ची गाडी मुंबईत पोचली १८६४ च्या अखेरीला. म्हणजे आज ज्या शाळेच्या फाटकासमोर सकाळी रिक्षा आणि गाड्यांची रांग लागते, तिथे पहिली मुले आली ती पायी नाहीतर बैलगाडीने आली असणार.

अनाथ मुले एवढी कुठून आली, हा प्रश्न आपल्याला आज पडतो. तेव्हा पडत नसावा. पटकी, ताप, देवी यांनी घरेच्या घरे रिकामी व्हायची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईकडे माणसांचा लोंढा लागला होता, आणि १८६५ मध्ये तो फुगा फुटला तेव्हा शेअरबाजारातल्या शेठजींबरोबर कितीतरी हातावर पोट असलेलेही बुडाले. पुढे १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६ चा प्लेग, त्याच सुमाराचे आणखी दुष्काळ. अशा प्रत्येक फेऱ्यानंतर मुंबई इलाख्यातले मिशनचे अनाथाश्रम भरत. तिथे अक्षरओळख होई, धर्म शिकवला जाई, आणि सुतारकाम, शिवणकाम असा एखादा हातचा धंदा. मुलगा मोठा झाला की पोटाला लागला पाहिजे, एवढाच हेतू. मॅट्रिक वगैरे दूरची गोष्ट.

शाळा चालवणारे पाद्री जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे. 'जेझुइट' म्हटले की आपल्या लोकांना एकदम इन्क्विझिशन आठवते, नाहीतर मग सेंट झेवियर्स कॉलेज. पण यांचा आणि मराठीचा संबंध फार जुना आहे. फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले १५४२ मध्ये. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात चालू झाला तो जेझुइटांच्याच कॉलेजात. आणि थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट इथे येऊन मराठी शिकला आणि त्याने दहा हजारांवर ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ मध्ये छापले गेले. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी हो. आम्हाला शाळेत ज्ञानेश्वर-तुकाराम शिकवले, पण ज्या संघाच्या शाळेत आम्ही बसलो होतो त्याच संघाच्या एका माणसाने मराठीचे गोडवे ओव्यांतून गायले आहेत, हे मला कळले ते निवृत्तीनंतर वाचनालयात.

बांद्र्यातही त्यांचे सतराव्या शतकात कॉलेज होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टी मराठ्यांकडे आली, त्या धामधुमीत ते गेले. पुढे तर १७७३ मध्ये पोपनेच हा संघ बरखास्त केला आणि १८१४ मध्ये पुन्हा मंजुरी दिली. मुंबईत ते परत आले १८५० च्या दशकात, तेही एका भांडणाच्या मधोमध. इथल्या चर्चवर हक्क पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा, यावरून दोन तट होते आणि एकेका गावात दोन-दोन चर्च आमनेसामने उभी राहिली होती. त्या भांडणात फार शिरत नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना पटली असावी की लोकांना चर्चपेक्षा शाळा जास्त हवी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळायला लागले होते, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले होते. १८६३ स्टॅनिस्लॉस, १८६४ सेंट मेरीज, १८६७ पुण्याच्या कॅम्पात सेंट व्हिन्सेंट्स, १८६९ धोबीतलावला सेंट झेवियर्स. सहा वर्षांत चार मोठ्या संस्था.

शाळेच्या नावाबद्दल दोन शब्द, कारण ते नीट उच्चारायला आम्हाला पाचवी-सहावी उजाडली. माझी आई शेवटपर्यंत 'सेंट टॅनिसलास' म्हणायची. स्टॅनिस्लॉस कोस्टका हा पोलंडमधल्या सरदार घराण्यातला मुलगा. व्हिएन्नात शिकत असताना जेझुइट व्हायचे त्याच्या मनाने घेतले. बाप आडवा येणार म्हणून तिथले जेझुइट त्याला घेईनात. तेव्हा हा घर सोडून पायी निघाला आणि जर्मनीतून आल्प्स ओलांडून रोमला पोचला. तिथे त्याला घेतले, आणि वर्षाच्या आतच, १५६८ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी तो तापाने गेला. अनाथ मुलांच्या आश्रमाला घर सोडून निघालेल्या मुलाचे नाव. ज्याने ठेवले त्याने विचार करून ठेवले असणार.

सुरुवातीचे पाद्री बहुतेक जर्मन. १८७२ मध्ये बिस्मार्कने कायदा करून जेझुइटांना जर्मनीतून हद्दपार केले. म्हणजे इथे पोरक्या मुलांना शिकवणाऱ्यांतल्या कित्येकांना त्यांच्याच देशाचे दार बंद होते. आणि मग १९१४ चे महायुद्ध आले तेव्हा हेच लोक इंग्रजांच्या लेखी शत्रू ठरले. ज्यांनी आयुष्यभर इथे शिकवले, ज्यांना मायदेशाने बाहेर काढले होते, त्यांना इंग्रज सरकारने आधी नजरकैदेत ठेवले आणि नंतर जहाजात बसवून त्याच मायदेशी पाठवले. शाळा-कॉलेजांतली शिक्षकांची फळीच्या फळी दोन-अडीच वर्षांत गेली. मुंबईतल्या या संस्था तेव्हा बंद पडायच्या. पडल्या नाहीत, याचे श्रेय इतर देशांतून धावून आलेल्या पाद्र्यांना आणि त्यांच्याहूनही जास्त इथल्या शिक्षकांना आहे. कोणत्याही इतिहासात त्यांची नावे सापडत नाहीत.

पुढे स्पेनमधले जेझुइट आले. झेवियर्समधले प्रसिद्ध इतिहास-संशोधक फादर हेरास त्यातलेच, १९२२ मध्ये आलेले. आमच्या वेळेपर्यंत शाळेत स्पॅनिश फादर होते. त्यांचे इंग्रजी आमच्या इंग्रजीपेक्षा फारसे बरे नव्हते, त्यामुळे आमचे त्यांच्याशी चांगले जमायचे.

आता १९२३. या वर्षी स्टॅनिस्लॉस पूर्ण हायस्कूल झाले. माझ्या मते शाळेच्या इतिहासात १८६३ इतकेच हे साल महत्त्वाचे आहे, आणि त्यामागची गोष्ट आपल्या स्मरणिकेत शोभेल अशी आहे. कारण तिचा संबंध सहकारी गृहनिर्माण संस्थेशी आहे.

प्लेगनंतर मुंबईतली माणसे मोकळ्या हवेसाठी उत्तरेकडे सरकू लागली. रेल्वे होतीच. १९१२ च्या सहकारी कायद्यानंतर गामदेवीला सारस्वत मंडळींनी आपली गृहनिर्माण संस्था काढली, ती १९१५ ची, देशातल्या अगदी पहिल्यांतली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, बांद्र्यात साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. सभासद कोण? कारकून, शिक्षक, रेल्वेतले, कस्टममधले, गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेले, आणि इथले मूळचे. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच महिना पगारावरचे लोक. शेताच्या जागी प्लॉट पडले, बंगले उठले, आणि बंगल्यातल्या माणसाला पहिली काळजी असते मुलांच्या शाळेची. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. आणि १९२३ मध्ये अनाथाश्रमाच्या शाळेचे हायस्कूल झाले, मॅट्रिकपर्यंत, इंग्रजी माध्यमाचे. दिवसा घरून येणारी, डबा आणणारी, फी भरणारी मुले वाढली.

इथे एक सल आहे. बांद्र्याचे मूळचे ख्रिस्ती, ज्यांनी १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यांची घरातली भाषा मराठी. त्यांच्या लग्नातली गाणी मराठी, हळद आहे, पानवाडीची पद्धत आहे. शेते गेली त्यांची, प्लॉट पडले त्यांच्या जमिनीवर, आणि नोकरीची भाषा झाली इंग्रजी. त्यांच्या मुलांनी इंग्रजी शाळेत जायचे ठरवले यात आश्चर्य नाही. आपणही तेच केले. पण आमच्या वर्गात एक चिंबईचा मुलगा होता, त्याची आजी मासे विकायला बसायची आणि माझ्या आईशी अस्सल मराठीत भांडायची. तो मात्र शाळेत मराठीच्या तासाला 'मला मराठी येत नाही' असे इंग्रजीत सांगायचा. आमच्या मराठीच्या बाईंनी एकदा त्याच्या आजीलाच निरोप पाठवला. त्यानंतर त्याला मराठी यायला लागले.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी शाळांचे काय होणार, अशी तेव्हा खूप चर्चा होती. घटनेत दोन गोष्टी आल्या. कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढून चालवायचा हक्क दिला. आणि कलम २८ ने सांगितले की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही. आमच्या शाळेत ख्रिस्ती मुले 'कॅटेकिझम'ला जायची आणि आम्ही उरलेले 'मॉरल सायन्स'ला बसायचो, त्याचे मूळ हे. मॉरल सायन्स म्हणजे खरे बोलावे, रांग मोडू नये, आंधळ्याला रस्ता ओलांडायला मदत करावी. आम्हाला तो मोकळा तास वाटे. आमच्या काकांना भीती होती की पोरगं बाटणार. वडील म्हणाले, "अरे, त्याला पाढे पाठ होत नाहीत, तो बाटायचा कसा?"

तिसरी गोष्ट १९५४ ची. मुंबई सरकारने ६ जानेवारीला आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले यांच्याखेरीज कोणालाही प्रवेश देऊ नये. म्हणजे सगळ्या देशी मुलांना दारे बंद, ख्रिस्ती असोत की हिंदू. हेतू देशी भाषांच्या भल्याचा होता, पण परिणाम मोठा विचित्र. 'नेटिव्ह' मुलांसाठी काढलेल्या शाळेत, स्वराज्य आल्यावर, नेटिव्हांना मज्जाव! देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी संस्था कोर्टात गेली. ती शाळा कॅथलिक नव्हे, पण निकाल सगळ्यांनाच लागू होणार होता. काही पालकही गेले. २६ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. तो तसाच राहिला असता तर सोसायटीतले आम्ही दहा-अकरा जण कुठे शिकलो असतो कोण जाणे. कदाचित चांगलेच शिकलो असतो. मराठी शाळांतून मोठी माणसे काय थोडी झाली? पण ही शाळा आमची झाली नसती.

मी पाचवीत गेलो तो १९६४ साली. वडील सचिवालयात, राहायला गव्हर्नमेंट कॉलनीत. शाळेत जायचे म्हणजे रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचे, बांद्रा तलाव डावीकडे की उजवीकडे यावर रोज वाद घालत हिल रोडला लागायचे. पाटीवर आता रामदास नायक मार्ग आहे. पूल ओलांडला की देश बदलल्यासारखे वाटायचे. पूर्वेला चिखल, खाडीचा वास, खाकी चड्डीतले आम्ही. पश्चिमेला सेंट पीटर्स चर्चची घंटा, बेकरीतल्या पावाचा वास आणि फ्रॉक घातलेल्या आज्या. ई. बी. सी. ची सवलत मिळाली म्हणून फी झेपली. तो फॉर्म वडिलांनी दरवर्षी भरला, आणि दरवर्षी सही घ्यायला जाताना इस्त्रीचा शर्ट घातला.

शाळा माझ्या काळी तरी फक्त मुलांची होती. अशा शाळेत दांडगाई असते, ती होतीच. पण त्या दांडगाईला एक वाट होती, आणि ती म्हणजे हॉकी. बाकीच्या मुंबईला क्रिकेटचे वेड असताना या शाळेने हॉकी धरली आणि सोडली नाही. ऑलिंपिकमध्ये खेळलेले जोआकिम कार्व्हालो इथलेच, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधले विरेन रास्किन्हा इथलेच, आणि आणखीही बरेच. रास्किन्हा यांनी पुढे ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टमधून दुसऱ्या खेळाडूंना उभे करण्याचे काम केले. मी त्यांच्या रांगेतला नव्हे. मी आपला डावा बॅक, तोही राखीव. पण माझ्याकडे स्टिक नव्हती, आणि ती मागायला घरी जीभ उचलत नव्हती, हे एका म्हाताऱ्या स्पॅनिश फादरांच्या लक्षात आले. त्यांनी सामानाच्या खोलीतून एक जुनी स्टिक काढली, तिच्या दांड्याला स्वतः चिकटपट्टी गुंडाळली आणि हातात दिली. "तुझी नाही. शाळेची. जाताना परत." मी अकरावीनंतर, १९७१ मध्ये, ती परत द्यायला गेलो तेव्हा ते दुसरीकडे बदलून गेले होते. स्टिक मी कपाटाशी ठेवून आलो.

आता मुद्द्याचे. शाळा अनाथांसाठी निघाली आणि साठ वर्षांत ती पगारदारांची झाली. आणखी पन्नास वर्षांत अशा शाळांत प्रवेश मिळणे ही प्रतिष्ठेची बाब झाली. ही एका शाळेची गोष्ट नाही. जगभर जेझुइटांच्या शाळांचे असेच होत गेले. गरिबांसाठी शाळा काढायची, ती चांगली चालवायची, चांगली चालली की श्रीमंत येणार, आणि श्रीमंत आले की गरिबाला दारातच बुजल्यासारखे होणार.

ही गोष्ट त्यांच्यातल्याच एकाने तोंडावर सांगितली. पेद्रो आरुपे हे स्पेनमधल्या बास्क प्रांतातले. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून पाद्री झालेले. ६ ऑगस्ट १९४५ ला ते हिरोशिमाच्या हद्दीवर आपल्या मठात होते. बाँब पडल्यावर त्यांनी मठाचे इस्पितळ केले आणि अर्ध्यामुर्ध्या डॉक्टरकीवर जळालेल्या माणसांची शुश्रूषा केली. १९६५ मध्ये ते साऱ्या जेझुइटांचे प्रमुख झाले. १९७३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला युरोपातल्या जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे संमेलन भरले होते. वकील, बँकवाले, कारखानदार, सगळी मातब्बर मंडळी. अशा संमेलनात काय बोलतात ते आपल्याला माहीत आहे. आरुपे उठले आणि विचारले की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का? आणि उत्तरही स्वतःच दिले की, नाही, घडवले नाही. शिक्षणाचा हेतू 'दुसऱ्यांसाठी जगणारी माणसे' घडवणे हा असायला हवा, असे ते म्हणाले. बरेच जण रागावले. पण ते चार शब्द पुढे जगभरच्या जेझुइट शाळांचे ब्रीद होऊन बसले, भिंतींवर रंगवले गेले, टी-शर्टांवर छापले गेले. टी-शर्टावर छापले की वाक्याची धार जाते, हे माझे वैयक्तिक मत.

आपल्याकडे कायद्याने हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवायला लावल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, कारण त्याने कलम ३० च्या हक्काला बाधा येते. निकाल कायद्याच्या अंगाने बरोबर असेल. पण त्याचा अर्थ एवढाच की अशा शाळांनी गरिबाच्या मुलाला घ्यायचे की नाही, हे आता सरकार सांगणार नाही. ते त्यांनी स्वतःला विचारायचे. १८६३ मध्येही कोणत्या कायद्याने सांगितले नव्हते.

हे सगळे मी शाळांकडे बोट दाखवायला लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वीची आपल्या सोसायटीतली गोष्ट सांगतो, सगळ्यांना ठाऊक नसेल. आपल्या वॉचमनदादांचा मुलगा. जालन्याकडचे कुटुंब, पंपरूमशेजारच्या खोलीत राहतात. पोरगा हुशार, येता-जाता गाड्यांचे नंबर पाठ म्हणणारा. त्याच्यासाठी मी आणि ए विंगमधले जोशीबुवा एका इंग्रजी शाळेत गेलो होतो. शाळेचे नाव लिहीत नाही, आणि ती हिल रोडवरची नव्हे, एवढे सांगतो. तिथल्या बाई सभ्यपणे बोलल्या. आईवडील घरी अभ्यास घेऊ शकतील का, असे त्यांनी विचारले. दादा टोपी हातात धरून उभे होते. नाही म्हणाले. मुलाला प्रवेश मिळाला नाही.

बाहेर आल्यावर दादा आम्हालाच समजावत होते, "साहेब, जाऊ द्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." जोशीबुवा रिक्षा मिळेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला त्या वेळी वडिलांचा इस्त्रीचा शर्ट आठवला.

मग मुलगा महापालिकेच्या शाळेत गेला, आणि चांगला चालला आहे. त्या निमित्ताने आम्ही दोघांनी सोसायटीच्या ऑफिसात शनिवार-रविवार संध्याकाळी पाच ते सात शिकवायला सुरुवात केली. आधी तो एकटा होता. नंतर शेजारच्या दोन सोसायट्यांतल्या वॉचमनांची, इस्त्रीवाल्याची, दूध टाकणाऱ्याची मुले यायला लागली. आज चौदा आहेत. मध्यंतरी जनरल बॉडीत यावर थोडी कुरबूर झाली. खुर्च्या खराब होतात, बाहेरची मुले आवारात येतात, सुरक्षेचे काय, वगैरे. सगळे मुद्दे मिनिट्सबुकात आहेत. शेवटी परवानगी मिळाली, त्याबद्दल कमिटीचे आभार. खुर्च्यांपैकी दोनच मोडल्या, आणि त्यातली एक माझ्यामुळे.

जोशीबुवांच्या गुडघ्याचे ऑपरेशन या महिन्यात आहे. त्यामुळे सहावी आणि सातवीचे गणित घ्यायला कोणीतरी हवे आहे. इंग्रजी मी घेतो, मराठी बी विंगमधल्या वहिनी घेतात. गणिताला कोणी तयार असेल तर सेक्रेटरींकडे नाव द्यावे, किंवा शनिवारी पाचला थेट ऑफिसात यावे. फळा आहे, खडू आहेत, पंखा दुरुस्त झाला आहे.